हुशार मुलाची शाळा : वऱ्हाडातील एक जुना प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्या संपत आल्या, की अमरावती-अकोल्याकडील घराघरांत शाळाप्रवेशाचा विषय निघतो. मूल चारचौघांसारखे असेल तर चर्चा लवकर आटोपते. परंतु मूल वर्गात सर्वांच्या पुढे असेल, शिक्षकांनी तसे बोलून दाखविले असेल, तर आईवडिलांची झोप उडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे नुकसान होईल, त्याला कॉन्व्हेंटमध्ये घाला, असा सल्ला नातेवाईक देतात. दुसरा कोणी म्हणतो, आपले सगळे मोठे लोक मराठी शाळेतच शिकले, फी कशाला भरता? शेवटी हा प्रश्न पुष्कळदा धर्मगुरूंच्या दारीही येतो.

प्रश्न खरा आहे, परंतु तो ज्या रीतीने विचारला जातो त्यात एक गृहीत दडलेले असते. सरकारी शाळा आणि खाजगी शाळा असे दोन स्वतंत्र मार्ग पूर्वीपासून आहेत, त्यांतला एक हुशार मुलाचा आणि दुसरा इतरांचा, असे आपण मानून चालतो. वऱ्हाडाच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. येथील बुद्धिमान मुले ज्या वाटेने पुढे गेली, तिच्यावर सरकारी व खाजगी हे दोन्ही टप्पे होते. कोणी तरी त्यांच्या बुद्धीची नोंद घेतली आणि पुढच्या वर्गाचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले, या दोन गोष्टी घडल्या तेव्हाच ती पुढे गेली. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

सरकारी शाळेचा आरंभ

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६६ साली येथे स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले आणि त्याच दशकात अमरावती व अकोला या दोन ठिकाणी सरकारी हायस्कुले उभी राहिली. कापसाच्या व्यापाराने ही दोन शहरे तेव्हा भरभराटीला येत होती. कचेऱ्यांना कारकून हवे होते, न्यायालयांना वकील हवे होते. साहजिकच सरकारचे लक्ष वरच्या शिक्षणाकडे अधिक आणि खेड्यातील शाळेकडे कमी राहिले.

ही तक्रार केवळ वऱ्हाडाची नव्हती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्याचा रोख हाच होता. शेतकऱ्यांच्या घामातून जमा होणारा महसूल उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्यांच्याकडून तो येतो त्यांच्या मुलांना गावात साधी शाळाही मिळत नाही, हे त्यांनी आयोगापुढे मांडले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. वरच्या थरातले शिक्षण झिरपत खाली येईल या सरकारी समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवाव्यात आणि माध्यमिक शिक्षणात अनुदान देऊन खाजगी प्रयत्नांना वाव द्यावा, अशी शिफारस केली. आज आपण ज्याला सरकारी-खाजगी भेद म्हणतो, त्याचा पाया येथे घातला गेला : खालची शाळा लोकल बोर्डाची, वरची शाळा संस्थेची.

या व्यवस्थेत खेड्यातील हुशार मुलाची अडचण कोठे होती? गावात शाळा असली तरी ती तिसरी-चौथीपर्यंत. पुढचा वर्ग दुसऱ्या गावी, त्यापुढचा तालुक्याला, हायस्कूल जिल्ह्याच्या ठिकाणी. प्रत्येक पायरीवर गाव सोडावे लागे, राहण्या-जेवण्याची सोय पाहावी लागे. ज्याचे नातलग शहरात नाहीत, ज्याच्या जातीला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्याची बुद्धी चौथीतच थांबे. त्या काळी शाळेच्या दर्जापेक्षा शाळेचे अंतर हाच मोठा अडसर होता.

पापळचा विद्यार्थी

याच पायऱ्या चढून वर गेलेल्या एका वऱ्हाडी मुलाचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. प्राथमिक शाळा गावात. मग चांदूर, कारंजा, अमरावती असा एकेक मुक्काम. नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि तेथून थेट इंग्लंड. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते १९२६ साली परतले. पुढे ते घटना समितीचे सदस्य आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले.

चरित्राचा हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते परतल्यानंतर त्यांनी काय केले हे. १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मध्यप्रांताच्या १९२० च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला होता. परंतु त्यासाठी पैसा उभा करण्याचे धाडस फारसे कोणी करीत नव्हते. पंजाबरावांनी शिक्षणासाठी कर वाढविण्याची अप्रिय भूमिका घेतली आणि खेड्यांतील सार्वजनिक शाळेला बळ दिले. त्याच सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले. तेथे निरनिराळ्या जातींची खेड्यातील मुले एकत्र राहून शिकू लागली. पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिने वऱ्हाडभर शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले.

म्हणजे या एकाच माणसाने एका हाताने सरकारी प्राथमिक शाळा मजबूत केली आणि दुसऱ्या हाताने खाजगी संस्था काढली. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही, कारण खाजगी संस्थेचे काम त्यांनी नेमके ओळखले होते. लोकल बोर्डाची शाळा जेथे संपते तेथून मुलाला पुढे नेणे हे ते काम. सरकारी शाळेतील मूल पळवून आणण्याचा विचार त्या आखणीत नव्हता.

याच जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) स्वतः शाळेची पायरी चढले नव्हते. परंतु जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. त्यांच्या सांगण्यात हुशार मूल आणि सामान्य मूल असा भेद नव्हता. प्रथम प्रत्येक मूल शाळेत जावे. त्यातले हुशार कोणते हे आपोआप कळेल, असाच त्याचा अर्थ होता.

मिशनच्या शाळा आणि ‘कॉन्व्हेंट’

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. मध्य भारतात संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने काम करणाऱ्या फ्रेंच मिशनऱ्यांनी नागपूर हे केंद्र केले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. वऱ्हाडातील मिशनचे काम याच धर्मप्रांताच्या छायेत वाढले. मेळघाटात चिखलदऱ्याजवळील मरियमपूर हे त्याचे एक जुने ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळांनी वऱ्हाडात हजारो मुले पोरकी केली. मिशनच्या शाळांचे मूळ अशा पोरक्या मुलांच्या सांभाळात आहे. प्रथम अन्न, मग औषध, मग अक्षर असा तो क्रम होता. या शाळा निवडक बुद्धीच्या मुलांसाठी काढलेल्या नव्हत्या. ज्यांना कोणीच निवडले नाही त्यांच्यासाठी त्या होत्या.

८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला. अमरावतीच्या होली क्रॉस, अकोल्याच्या होली क्रॉस व माउंट कार्मेल अशा शाळांनी या दोन शहरांत इंग्रजी शिक्षणाचा लौकिक निर्माण केला. धर्मभगिनींची शिस्त, वेळेवर भरणारे वर्ग आणि इंग्रजी भाषा यांचे आकर्षण सर्व समाजांना वाटू लागले. याला एक व्यावहारिक कारणही होते. जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या मराठी शाळांत बराच काळ इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. ज्याला मुलाने डॉक्टर-इंजिनिअर व्हावे असे वाटे, त्याला ही चार वर्षे वाया गेल्यासारखी वाटत. २००० साली महाराष्ट्राने सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तोवर पालकांचे मन बनून गेले होते.

या लौकिकाचा एक मजेदार पुरावा आपल्या बोलीत आहे. विदर्भात खाजगी इंग्रजी शाळेला, तेथे धर्मभगिनी नसोत की क्रूस नसो, लोक सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. गल्लीबोळांत देवदेवतांच्या नावांची कॉन्व्हेंटे निघाली आहेत. आपल्या भगिनींच्या मठाचे नाव असे सामान्यनाम व्हावे, याचा अभिमान वाटतो. पण त्याबरोबर त्या शब्दाचा अर्थही बदलला आहे, हे विसरता येत नाही. मठ या शब्दामागे जगाचा त्याग होता. आता लोक तो शब्द ऐकून फी, गणवेश आणि रांगेतला प्रवेश यांचा विचार करतात.

परीक्षेची चाळणी

स्वातंत्र्यानंतर सरकारी व्यवस्थेनेही हुशार मुलाचा वेगळा विचार सुरू केला. राज्यात १९५४-५५ पासून शिष्यवृत्ती परीक्षा घेण्यात येऊ लागली. प्रदीर्घ काळ ती चौथी व सातवीच्या मुलांची होती. वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, तेव्हा ही परीक्षा येथेही रुजली. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. खेड्यातील कित्येक गुरुजींनी चौथीची चार-सहा मुले हाताशी धरून, सकाळी शाळेपूर्वी आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्यांची तयारी करून घेतली. शिष्यवृत्तीची रक्कम किरकोळ असे. परंतु आपल्या शाळेचे मूल यादीत आले, या गोष्टीने गाव हरखून जाई. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याने ग्रामीण गुणवंतांसाठी निवासी विद्यानिकेतने काढली. त्यांतले एक अमरावतीला आले.

खाजगी क्षेत्रातही हा विचार चालू होता. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांची प्रशाला काढली. बुद्धिमापन चाचणीचे शास्त्र तोवर मराठीत आलेलेच होते, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर करून १९४० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये ही चाचणी तयार केली ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना साहाय्य करता यावे म्हणून. जगाने पुढे तिचा उपयोग पुढे असलेल्यांना आणखी पुढे नेण्यासाठी अधिक केला.

या सर्वांचा कळस म्हणजे नवोदय विद्यालय. ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना केंद्र सरकारच्या खर्चाने उत्तम निवासी शिक्षण द्यावे ही कल्पना राजीव गांधी यांच्या काळात पुढे आली. प्रयोग म्हणून १९८५-८६ साली देशात केवळ दोन शाळा निघाल्या : एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरी आपल्या अमरावतीत. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही योजना देशभर नेली. पुढे अकोला जिल्ह्यातही बाभूळगावला असे विद्यालय झाले, आणि आज देशात त्यांची संख्या साडेसहाशेच्या घरात आहे. सरकारी शाळा हुशार मुलाचे काय करू शकते, या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर देण्याचा आरंभ वऱ्हाडच्या भूमीवर झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

योजनेची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पाचवीत शिकणाऱ्या मुलाची परीक्षा होते. तीत आकलनशक्ती, अंकगणित आणि भाषा तपासली जाते आणि ती मुलाच्या भाषेतूनच देता येते. निवड जिल्ह्यापुरती. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव. सहावीपासून राहणे, जेवण, पुस्तके यांची सोय. आरंभीची वर्षे मातृभाषेतून शिकवून मग हिंदी-इंग्रजीकडे नेतात. नववीत काही मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात जातात. शेतमजुराचे पोर अशा रीतीने दुसरे राज्य पाहून येते. फी भरून मिळणाऱ्या कोणत्या शाळेत हे सर्व असते?

चाळणीच्या खाली

तरीही एक साधा हिशेब मांडून पाहावा. एका विद्यालयात दरवर्षी सहावीत ऐंशी मुले घेतात. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याला सहासुद्धा जागा येत नाहीत. अकोल्याचे तालुके सात, तेथे अकरा-बारा. धारणी-चिखलदऱ्याच्या ज्या मुलाची घरची भाषा कोरकू आहे, त्याला मराठी हीच शाळेत आल्यावर भेटलेली दुसरी भाषा. त्याने दर्यापूर किंवा मोर्शीच्या मुलाबरोबर त्याच प्रश्नपत्रिकेवर उतरावयाचे. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. त्या एका सकाळी अंगात ताप असला तर बुद्धी कमी ठरते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. नवोदय विद्यालयांनी आसपासच्या शाळांना गती द्यावी, आपला अनुभव त्यांच्यात वाटावा, असे १९८६ च्या धोरणाला अपेक्षित होते. व्यवहारात उलट घडले : पाचवीचे सर्वांत चमकदार मूल तेथे गेले आणि गावची शाळा त्याला गमावून होती तशीच राहिली. १९९० साली आचार्य राममूर्ती समितीने नव्या नवोदय शाळा उघडू नयेत असेच मत दिले. शासनाने मात्र योजना चालू ठेवली. इंग्लंडने हा अनुभव आपल्या आधी घेतला होता. १९४४ च्या कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होई; थोडी ग्रामर स्कूलमध्ये, उरलेली दुसऱ्या शाळांत. अकराव्या वर्षी नापास ठरलेले मूल स्वतःला आयुष्यभर कमी समजते, हे पालकांच्या व शिक्षकांच्या ध्यानात आले, आणि १९६५ नंतर देशाच्या बहुतेक भागांत ती पद्धत सोडून देण्यात आली.

आपल्याकडे चाळणी एकच राहिली नाही. सधन घरातील मूल पहिलीच्या आधीच फीच्या चाळणीतून वेगळे होते. गरिबाघरचे अतिहुशार मूल पाचवीत परीक्षेच्या चाळणीतून वेगळे होते. मागे जी शाळा उरते, तिच्याविषयी आग्रह धरणारा बोलका पालक उरत नाही. पट घसरतो. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्या आकड्यामागे हा सर्व इतिहास होता.

आपले उत्तर

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, आणि प्रवेशासाठी मुलाची वा आईवडिलांची चाळणी करू नये, असे त्यात म्हटले आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या सर्व शाळांना या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे जावा अशी विनंती सरन्यायाधीशांना केली. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला आपला हक्क मोलाचा आहे, आणि तो जपला पाहिजे. परंतु न्यायालयाने आपल्याला मोकळे केले म्हणून आपली सद्सद्विवेकबुद्धी आपल्याला मोकळे करीत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने शिक्षणविषयक घोषणापत्र प्रसृत केले. ऐहिक दृष्ट्या जे गरीब आहेत, कुटुंबाच्या आधाराला जे मुकले आहेत, त्यांच्याकडे कॅथलिक शाळेने विशेष लक्ष द्यावे, असे त्यात सांगितले आहे. दुष्काळातील पोरक्या मुलांपासून जिचा आरंभ झाला, त्या शाळापरंपरेला हे नव्याने शिकण्याची गरज पडू नये. कायदा सांगो वा न सांगो, आपल्या शाळेच्या पहिलीत चौथा हिस्सा अशा मुलांचा असावा, असे माझे मत आहे. ती मुले आपल्या धर्मग्रामातील असोत, की रेल्वेलाइनच्या पलीकडील वस्तीतील.

आता पालकांविषयी. आपले मूल हुशार आहे म्हणून भांबावून जाऊ नये. प्राथमिक वयातील बुद्धिमान मुलाला तीन गोष्टी लागतात : त्याला नावाने ओळखणारा शिक्षक, घरची भाषा पक्की होईल इतका अवधी, आणि पुस्तके. या तिन्ही गोष्टी जिल्हा परिषदेच्या चांगल्या शाळेत मिळू शकतात आणि महागड्या शाळेत न मिळण्याचाही संभव असतो. म्हणून शाळेची पाटी पाहण्यापेक्षा पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन शिक्षक पाहावा, एका वर्गात किती मुले बसतात ते पाहावे. मूल मराठी शाळेत असेल तर शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या परीक्षेस अवश्य बसवावे. पण दहा वर्षांच्या मुलाचे बालपण शिकवणीत घालवू नये, आणि निवड झाली नाही तर घरात सुतक पाळू नये. पापळच्या त्या विद्यार्थ्याची दहाव्या वर्षी अशी कोणी निवड केली नव्हती.

मूल जेथे असेल तेथील शाळा समितीच्या सभेस मात्र जावे. हुशार मुलाचे आईवडील ज्या शाळेत प्रश्न विचारतात, तिचा लाभ त्याच्या शेजारी बसलेल्या मुलालाही होतो. मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे ठेवून हरवलेल्या एकाचा शोध घेतल्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या शिक्षणव्यवस्थेने एका चमकदार मेंढराला निवडून नव्याण्णवांना माळावर सोडण्याची सवय लावून घेतली आहे. पंजाबरावांनी छात्रालयही काढले आणि गावच्या शाळेसाठी करही बसविला. त्यांतले छात्रालय आपल्याला कौतुकाने आठवते. कराची आठवण मात्र कोणी काढीत नाही. वऱ्हाडातील पुढच्या हुशार मुलाला या दोन्ही गोष्टींची गरज पडणार आहे.